फक्त तीन क्रियापदं

स्पॅनिशमधला इम्परफेक्टो हा भूतकाळ शिकवायला घेताना शिक्षक खुशीत असतात, कारण त्यांना वर्गाला एक आनंदाची बातमी द्यायची असते. त्याआधीचे काही आठवडे वर्गाने दुसऱ्याच एका भूतकाळाशी झटापट केलेली असते. स्पेनमध्ये त्याला इन्देफिनिदो म्हणतात. त्यात तेनेरचं तुवे होतं, आसेरचं इसे होतं, देसिरचं दिखे, पोनेरचं पुसे, आन्दारचं आन्दुवे. रोजच्या वापरातलं प्रत्येक क्रियापद आपापला हट्ट धरून बसलेलं. मग एके दिवशी फळ्यावर नवा काळ लिहिला जातो आणि शिक्षक सांगतात, “यात अनियमित क्रियापदं फक्त तीन!” सेर म्हणजे असणं, इर म्हणजे जाणं, वेर म्हणजे बघणं. त्यांची रूपं एरा, इबा आणि वेईआ. बाकीची सगळी शहाण्यासारखी वागतात. मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’ असेल तर ‘आबा’ लावायचं, ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘ईआ’ लावायचं. संपलं.

मला हे एका संध्याकाळीच पाठ झालं. आजही झोपेतून उठवून विचारलंत तर एरा, एरास, एरा, एरामोस असं घडाघडा म्हणून दाखवीन. तरीही स्पॅनिशमध्ये मी आजवर ज्या चुका केल्या, त्यातल्या सगळ्यात महागात पडलेल्या चुका याच तीन क्रियापदांच्या आहेत. अवघड काळात मी जपून पावलं टाकली. इथे ‘फक्त तीन’ म्हटल्यावर बेसावध झाले.

मी पुण्यातल्या एका कंपनीत मेक्सिकोतल्या व्हेंडरांची बिलं बघते. पुण्यात हौसेने परकी भाषा शिकलेल्या बऱ्याच मुलामुलींची गाडी शेवटी याच स्टेशनात येते. सर्वांतेस मुळातून वाचायचा म्हणून निघायचं आणि इन्व्हॉइसचा पर्चेस ऑर्डरशी ताळा जुळवत बसायचं. मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, त्यामुळे घरातली पानं वाढली जातात तेव्हा आमचा दिवस सुरू होतो. या कामात इम्परफेक्टो किती लागतो हे सांगून खरं वाटणार नाही. पेमेंट येणार होतं, बाई सही करणार होत्या, आम्ही वाट बघत होतो, रक्कम वेगळी होती. व्हेंडरचं गाऱ्हाणं म्हणजे पानभर इबा, एरा आणि त्यांचे भाऊबंद.

अगदी पहिल्या चुका उलट्या दिशेच्या होत्या. आतापर्यंत इतका त्रास दिलेली क्रियापदं एकदम सरळ वागतील यावर माझा विश्वासच बसेना. वर्तमानकाळात ‘विचार करणं’चं पिएन्सो होतं, तेव्हा मी भूतकाळात पिएन्साबा लिहायचे. खेळायचंही हुएगाबा. बरोबर रूपं साधी, पेन्साबा आणि हुगाबा. मॅडम लाल पेनने जास्तीची अक्षरं खोडत राहिल्या आणि काही दिवसांत माझा हा संशय फिटला.

वेरचा घोटाळा मात्र टिकला, कारण तिथे मी नियम पाळत होते. वेरमधून ‘एर’ काढलं की हातात नुसता ‘व’ उरतो. त्याला ‘ईआ’ लावलं की वीआ. नियमाप्रमाणे हेच व्हायला हवं. वीआ म्हणजे रस्ता किंवा रेल्वेचा रूळ. लहानपणी मी आजोबांना रोज बघायचे असं निबंधात लिहायचं होतं, तिथे क्रियापदाच्या जागी मी रूळ घालून ठेवले. मॅडमनी मध्ये एक ‘ए’ घुसवला आणि त्या पुढे गेल्या. मीही तो ‘ए’ देवाघरून आल्यासारखा पाठ केला. का आला, कुठून आला, विचारलं नाही. अनियमित म्हटलं की कारण विचारायचं नसतं अशी माझी समजूत होती.

कारण कळलं ते नोकरीत, तेही रोज टाइप करत असलेल्या एका शब्दातून. व्हेंडरला स्पॅनिशमध्ये प्रोवेएदोर म्हणतात. दिवसातून असंख्य वेळा मी हा शब्द लिहायचे आणि त्यातले दोन लागोपाठचे ‘ए’ माझ्या डोळ्यांना कधी टोचले नाहीत. प्रोवेएर म्हणजे पुरवणं. त्याच्या पोटात वेरचं जुनं रूप वेएर जसंच्या तसं बसलेलं आहे. लॅटिन विदेरेमधला ‘द’ गळाला, दोन ‘ए’ शेजारी आले आणि जुन्या स्पॅनिशमध्ये वेएर झालं. पुढे मूळ रूपातले दोन ‘ए’ मिटून एक झाले आणि वेर उरलं, पण इम्परफेक्टोने जुनंच अंग धरून ठेवलं. वेएरमधून ‘एर’ काढा, ‘वे’ उरतो, त्याला ईआ लावा: वेईआ. म्हणजे हे क्रियापद पूर्वी नियमित होतं. ज्याला आपण अनियमित म्हणतो तो नियमच आहे, फक्त ज्या शब्दाला तो लागला होता तो शब्द बदलला.

हे कळल्यावर मी पुन्हा चुकणार नाही असं कुणालाही वाटेल. प्रेवेर म्हणजे आधीच अंदाज बांधणं, हे वेरचंच पिल्लू. खर्चाच्या अंदाजाबद्दलच्या एका मेलमध्ये मी प्रेवेईआऐवजी प्रेवीआ लिहून मोकळी झाले, म्हणजे ‘अंदाज होता त्याप्रमाणे’च्या ठिकाणी जवळपास ‘पूर्वीची’ असं काहीतरी. जरासं समाधान एवढंच की खुद्द स्पॅनिश बोलणारेही या क्रियापदाशी अडखळतात. त्यांना प्रोवेएर आठवतं आणि ते प्रेवेरलाही एक जादा ‘ए’ देऊन प्रेवेएर लिहितात. ते ‘ए’ वाढवून चुकतात, मी गाळून.

इबाची गंमत वेगळी. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच आहे. मेक्सिकोत फोनवर शब्दाचं स्पेलिंग सांगताना विचारतात, ब कुठला, गाढवाचा की गाईचा? बुर्रो म्हणजे गाढव, वाका म्हणजे गाय. मी हा काळ कानाने पाठ केलेला, त्यामुळे ‘जाणं’च्या इबामध्ये गाढवाचा ब आहे हे बोटांना ठाऊक नव्हतं. एकदा घाईत मेलचा विषय मी सगळा मोठ्या अक्षरांत लिहिला. ‘शुक्रवारी जाणार होतं ते पेमेंट’ असं लिहायचं होतं. इबामध्ये गाईचा व पडला. आता मोठ्या अक्षरांत, गाईचा व घालून लिहिलेला इबा म्हणजे मेक्सिकोतला मूल्यवर्धित कर, आपल्या जीएसटीसारखा, सोळा टक्क्यांचा. समोरच्या अकाउंटंटने अदबीने विचारलं की शुक्रवारी तुम्ही नुसता कर भरणार आहात की मूळ रक्कमही देणार आहात. मी प्रश्न तीनदा वाचला आणि कर वेगळा दिला जात नाही असं समजावणारा लांबलचक खुलासा लिहून पाठवला. स्वतःचं शीर्षक मात्र पुन्हा वाचलं नाही. त्यांचं उत्तर आलं त्यात फक्त एक ओळ होती, गाढवाबद्दलची.

एक चूक देवनागरीने करवली. सुरुवातीला आम्ही सगळेच वहीत उच्चार मराठीत लिहून घेत असू. इबाचं अनेकवचन इबामोस, आम्ही जात होतो. रोमन लिपीत त्याच्या पहिल्या स्वरावर एक तिरकी रेघ असते. आमच्या डोक्यात स्वरावरची रेघ म्हणजे दीर्घ, म्हणून ईबामोस असं लिहून मी निश्चिंत झाले आणि बोलताना जोर द्यायचे ‘बा’वर. ती रेघ लांबीची नाही, आघाताची आहे. जोर अगदी पहिल्या ‘इ’वरच पडला पाहिजे, एरामोसमध्येही पहिल्या ‘ए’वर. पुढे वाचताना कळलं की लॅटिनमध्ये या रूपांचा आघात ‘बा’ आणि ‘रा’वरच होता. स्पॅनिशने तो मागे सरकवला, म्हणजे सगळ्या पुरुषांत तो एकाच जागी यावा. माझा उच्चार जुन्या रोममध्ये खपून गेला असता. मेक्सिकोतल्या फोनवर नाही.

ही सगळी अक्षरांची भांडणं झाली. खरी चूक माझ्या एका भीतीतून आली. इन्देफिनिदोमध्ये ‘मी होते’ आणि ‘मी गेले’ या दोन्हींना एकच रूप आहे, फुई. सेर आणि इर ही दोन क्रियापदं तिथे अक्षरशः एकमेकांचे कपडे घालतात. लॅटिनमध्ये हे रूप असण्याचं होतं, जाण्याने ते उचललं. मला याची धास्ती बसली होती. फुई म्हटलं आणि समोरच्याला गेलेऐवजी होते वाटलं तर? वास्तविक असा गोंधळ कुणाचा होत नाही, पुढचा शब्द आला की अर्थ कळतो. पण इम्परफेक्टोमध्ये एरा वेगळं आणि इबा वेगळं, लख्ख. म्हणून मी फुई टाळायला लागले. कुठेही गेले असले की इबा. बंगळूरला इबा, बँकेत इबा, काल डॉक्टरकडे इबा.

परिणाम असा की माझं बोलणं झालं की फोनच्या पलीकडे थोडी शांतता आणि मग प्रश्न, “मग काय झालं?” आम्ही सुट्टीत हंपीला इबामोस, मी सांगायचे. “आणि? काय झालं?” मला वाटायचं, मेक्सिकन माणसं फार चौकस. आपल्यासारखीच, असं म्हणून मी त्यांच्यावर मायाही करायचे. ‘आम्ही हंपीला जात होतो’ एवढं बोलून कुणी गप्प बसलं तर मराठी माणूसही “मग?” असंच विचारेल, गाडी कुठे बंद पडली ते ऐकायला. माझं प्रत्येक वाक्य अपघाताच्या तोंडाशी येऊन थांबत होतं आणि ऐकणारा बिचारा अपघाताची वाट बघत होता.

आता ज्या चुकीमुळे मला टीम लीडसमोर बसावं लागलं ती सांगते.

मालवाहतूक करणाऱ्या एका छोट्या व्हेंडरचं बिल अडकलं होतं, ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर जुळत नव्हता. त्याने मेल केला. मजकूर साधा होता: तुमच्या अकाउंटंटशी बोललो आणि असं ठरलं की पर्चेस ऑर्डर ‘इबा आ रेविसार’. म्हणजे तपासणार होता. कोण? स्पॅनिशमध्ये कर्ता लिहिला नव्हता आणि मला त्याची गरज वाटली नाही. मी वाचलं, ‘मी तपासणार होतो’. म्हणजे व्हेंडर. तशी नोंद केली, तिकीट ‘व्हेंडरकडून उत्तर अपेक्षित’ या खान्यात टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागले. तो आमच्या अकाउंटंटची वाट बघत होता, मी त्याची. मंथ एंड उलटून गेला. त्याने पुढची खेप रोखून धरली आणि मग फोन केला. मी शांतपणे त्याला त्याचाच मेल वाचून दाखवला आणि म्हटलं, तुम्ही तपासणार होतात ना? तो काही क्षण बोललाच नाही, मग म्हणाला, “ते, बाई, ते. ते तपासणार होते.”

स्पॅनिशमध्ये कर्ता गाळता येतो, कारण क्रियापदाचं शेपूटच सांगतं की बोलणारा कोण आहे. जातो म्हणायचं तर मी वोय, तो वा. गेलो म्हणायचं तर मी फुई, तो फुए. इम्परफेक्टोमध्ये ही सोय बंद पडते. मी इबा, तो इबा, ती इबा, आदरार्थी तुम्हीसुद्धा इबा. हे तीन अनियमित क्रियापदांपुरतं नाही, सगळ्या क्रियापदांचं आहे. लॅटिनमध्ये पहिल्या पुरुषाच्या शेवटी ‘म’ होता आणि तिसऱ्याच्या शेवटी ‘त’. दोन्ही गळाले आणि आत उरलेलं रूप एकच निघालं. तक्त्यात मी ते शेकडो वेळा म्हटलं होतं, एरा, एरास, एरा. पहिलं आणि तिसरं सारखं आहे हे मला पाठांतराची सोय वाटत होतं, एक रूप कमी लक्षात ठेवायचं. मराठीत हा धोका इतका नसतो. ‘तपासणार होतो’ आणि ‘तपासणार होते’ यांत पुरुष कळतो, बहुतेकदा बोलणारी बाई आहे की बुवा तेही कळतं. मी मराठीत विचार करत असते तर होतो की होते यापाशी हात थांबला असता. मी नोंद इंग्रजीत करत होते, तीही अर्धवट, कर्ता न लिहिता.

याला आणखी एक जोड होती. वर्गात आम्हाला बजावलं होतं की दर वाक्यात ‘यो’, ‘यो’ म्हणजे ‘मी’, ‘मी’ करू नका, ते स्वतःचं कौतुक केल्यासारखं वाटतं. मी हा उपदेश इतका मनावर घेतला की स्वतः पाठवलेल्या मेलांमध्येही कर्ता शोधून सापडत नसे. व्हेंडरचा मेल मी चुकीचा वाचला हे खरं, पण माझे किती मेल समोरच्यांनी चुकीचे वाचले असतील याचा हिशेब कुठे आहे? त्या प्रकरणानंतर जुने मेल चाळले. ‘इबा’ असलेल्या अर्ध्याहून अधिक वाक्यांत पैसे नक्की कोण पाठवणार होतं ते मलाही ओळखता येईना. स्पॅनिश बोलणारे अशा जागी न विचारता यो किंवा एल घालतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. टीम लीडने चार शब्द सुनावले ते सर्वनामांबद्दल नव्हते. त्यांना स्पॅनिश येत नाही.

केरीआ हे रूप अनियमित नाही, तरी माझ्या चुकांच्या यादीत ते आपोआप येतं. फोनवर व्हेंडर म्हणतो, केरीआ, एका बिलाबद्दल विचारायला. शब्दशः, ‘हवं होतं’. मी नोंद केली, फोन करणाऱ्याला चौकशी करायची होती. होती, म्हणजे आता नसावी. प्रश्न त्याने विचारला, मी उत्तर दिलं, पण एकदा त्याने तेवढं बोलून ‘थांबा, दुसरा फोन आलाय’ म्हणून ठेवला आणि मी तिकीट बंद करून टाकलं. पुन्हा त्याचाच फोन, जरा चढलेला. यात लाजिरवाणं काय आहे सांगू? आपण दारात उभे राहून “जरा काम होतं” म्हणतो तेव्हा ते काम संपलेलं असतं का? “तुम्हाला एक विचारायचं होतं” हे वाक्य मी आयुष्यभर वापरत आले आहे. मागणी थेट समोर आपटू नये म्हणून ती थोडी मागच्या काळात ठेवायची, ही रीत मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. पुस्तकातला धडा इंग्रजीतून शिकले म्हणून ती मराठी कुठेतरी बाजूला पडली. नाव विसरल्यावर मेक्सिकोतला माणूस विचारतो, तुमचं नाव काय ‘होतं’? एकदा मी यावर चिडून, “अजूनही तेच आहे” असं उत्तर दिलं होतं. “काय नाव म्हणालात आपलं?” असं कुणी मराठीत विचारलं असतं तर चिडले नसते.

कामानिमित्त केरेतारोला गेले तेव्हा तिथल्या एका सहकारी बाईंनी रविवारी घरी जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी सहा-सात वर्षांची असेल. जेवणाआधी तिने मला खेळायला धरलं आणि भूमिका वाटून दिल्या: मी डॉक्टर ‘एरा’ आणि तू आजारी ‘एरास’. मला वाटलं, लहान आहे, काळ चुकतोय. मी प्रेमाने दुरुस्त केलं, “सोय म्हण, मी डॉक्टर आहे.” तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि मतिमंद माणसाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, “नाही. एरा.” मग माझी नाडी बघितली. स्पॅनिश बोलणारी मुलं खेळातलं जग भूतकाळात उभं करतात. सोय म्हटलं तर ती खरंच डॉक्टर आहे असं होईल, एरा म्हटलं की ते कुठेतरी दुसरीकडे, खेळात. आपली भातुकली क्रियापदाशिवायच भागवते, मी आई हं, तू बाबा. मला हा उपयोग कुठल्याच धड्यात भेटला नव्हता. आणि मी चक्क त्या भाषेच्या मालकिणीला व्याकरण शिकवत होते.

तिचा मोठा भाऊ शेजारी गृहपाठ करत होता. त्याच्या वहीच्या मथळ्यावर लिहिलं होतं ‘कोप्रेतेरितो’. मी दचकले. इतकी वर्षं झाली आणि एक आख्खा काळ आपल्याला माहीतच नाही! बघते तर खाली एरा, इबा, वेईआ. मेक्सिकोतल्या शाळांमध्ये इम्परफेक्टोला हेच नाव आहे. ते आंद्रेस बेयो या व्याकरणकाराचं. हे गृहस्थ काराकासचे, पण व्याकरण लिहिलं चिलेत, 1847 साली, आणि तेही लॅटिन अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून मुद्दाम. इम्परफेक्टो म्हणजे ‘अपूर्ण’, ही कल्पना फार जुनी. 1492 मध्ये नेब्रिखाने स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं तेव्हाही त्याने या काळाला ‘न संपलेला भूत’ असंच म्हटलं होतं. बेयोला ते पटलं नाही. त्याच्या मते हा काळ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने चालतो, म्हणून ‘को’, म्हणजे सह.

माझ्या बऱ्याच चुका या ‘अपूर्ण’ शब्दाने घडवल्या होत्या. मी मनात त्याचं भाषांतर ‘लांबलेला’ असं केलं होतं. जे बराच वेळ चाललं ते इम्परफेक्टो, जे झटकन झालं ते इन्देफिनिदो. म्हणून ‘मी वीस वर्षं नाशिकला राहिले’ हे मी छातीठोकपणे इम्परफेक्टोमध्ये सांगायचे, विवीआ. वीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत! पण वर्षं मोजून सांगितली की तो तुकडा दोन्हीकडून बंद झाला, तिथे विवी हवं. उलट एका सेकंदाची गोष्टही इम्परफेक्टोत बसते, दुसरं काही घडत असताना ती चालू असेल तर. घड्याळातले तीन वाजले ‘होते’, फोन वाजला तेव्हा. तीन काही लांबत नाहीत, पण तिथे एरान लागतं.

जेवताना बाईंच्या यजमानांनी याचं उदाहरण म्हणून आउगुस्तो मोन्तेर्रोसोची 1959 साली आलेली डायनासोरची गोष्ट म्हणून दाखवली. ती सगळी मिळून एकच वाक्य आहे, त्यामुळे भात निवायच्या आत संपली. त्यात जाग येणं इन्देफिनिदोमध्ये आहे आणि डायनासोर इम्परफेक्टोमध्ये. मुलगा म्हणाला, कोप्रेतेरितो. वडील म्हणाले, तेच ते. तो म्हणाला, मग शाळेत मार्क का कापतात?

आता कामावर माझ्या हाताखाली काही नवी मुलं आहेत आणि स्पॅनिशच्या शंका माझ्याकडे येतात. मध्यंतरी एका व्हेंडरचा करार संपला आणि त्याला शिफारसपत्र हवं होतं. तो वेळेवर माल द्यायचा, एवढंच लिहायचं. मी लिहिलं, तो वक्तशीर व्हेंडर ‘एरा’. पाठवण्याआधी कॉलवर मेक्सिकोच्या दोघींना वाचून दाखवलं. पहिली म्हणाली, एरा नको. एरा म्हटलं की आधी वक्तशीर होता आणि मग बिघडला असं वाटतं, वाचणारा विचारेल तुम्ही त्याला का सोडलंत. फुए लिही. दुसरी म्हणाली, फुए लिहिलंस तर तो मेला असं वाटेल, किंवा कंपनी बुडाली. पहिली म्हणाली, कुणालाही तसं वाटणार नाही. दुसरीने आपल्या काकांच्या श्रद्धांजलीतलं वाक्य आठवून सांगितलं. मग तिसरा कुणीतरी म्यूट काढून बोलला की त्याच्या आईकडच्या गावात सर्रास एरा म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं ही मंडळी एकमेकांशी वाद घालत होती आणि मी, जिला ही रूपं एका संध्याकाळीच पाठ झाली होती, कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. शेवटी तिघांचं तडजोडीवर एकमत झालं: दोन्ही नको, ‘आ सिदो’ लिही, म्हणजे ‘राहिला आहे’. हा तिसराच काळ. पत्र तसंच गेलं.